वाटेत उतरायचं, पण कुठे?

समजा तुमची मावशी कॅनडात टोरांटोला राहते. मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही, आई-बाबा, धाकटी बहीण आणि आजी असे पाच जण तिच्याकडे निघालात. मुंबईहून सुटलेलं विमान युरोपात एका शहरात उतरणार, तिथं दुसऱ्या विमानात बसायचं आणि पुढं जायचं. तिकिटं काढायच्या आधी बाबा म्हणतात, "वाटेत युरोप लागतोच आहे, तर एखादं शहर पाहूनच जाऊ या की!"

झालं! माणसं पाच आणि शहरं चार. छोटीला हवाय आयफेल टॉवर, म्हणजे पॅरिस. बाबांना लंडनमधलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं घर बघायचंय. आईला झुरिकचं तळं. तुम्ही नुकतीच ॲन फ्रँकची डायरी वाचून संपवलीय, तेव्हा तुमचं मत ॲमस्टरडॅमला. आणि आजी म्हणते, "मला कुठंही न्या रे बाबांनो, फक्त फार जिने चढायला लावू नका."

आता भांडण मिटवायचं कसं? एक कागद आणि पेन्सिल घ्या. हे सरळ वजाबाकीचं गणित आहे.

विमान सकाळी ७ वाजता उतरतं आणि पुढचं दुपारी ४ ला सुटतं असं धरा. म्हणजे ९ तास. वा! पण थांबा. विमानातून बाहेर यायचं, पासपोर्ट तपासणीच्या रांगेत उभं राहायचं, यात दीड तास सहज जातो. त्यातच १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपातल्या बहुतेक देशांनी नवी पद्धत सुरू केली आहे. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाचा फोटो आणि बोटांचे ठसे संगणकात नोंदवतात (१२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे मात्र घेत नाहीत, तेव्हा छोटीची सुटका!). म्हणजे बाहेर पडायला साडेआठ. पुढच्या विमानासाठी ३ तास आधी, १ वाजता परत यायला हवं. राहिले साडेचार तास. त्यातून शहरात जाण्या-येण्याचा वेळ वजा करा.

ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून शहराच्या मुख्य स्टेशनात गाडी साधारण १७ मिनिटांत पोचते. झुरिकला तर १०-१२ मिनिटंच लागतात, फ्रँकफर्टला १५ च्या आत-बाहेर. गाडीची वाट पाहणं, तिकीट काढणं, आजीच्या चालीनं चालणं धरून जायला पाऊण तास आणि यायला पाऊण तास म्हणा. हातात उरले ३ तास. पॅरिसचा मोठा विमानतळ शहरापासून सुमारे २५ किलोमीटर दूर. लंडनच्या हीथ्रोहून बाबासाहेबांच्या घरापर्यंत पोचायला एक तास पुरणार नाही. तिथं जेमतेम २ तास उरतील, तेही घड्याळाकडे बघत.

आता पैशाचंही बघू. युरोपातल्या २९ देशांत एकच व्हिसा चालतो, त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. शेंगेन हे लक्झेंबर्ग देशातलं, मोझेल नदीकाठचं चिमुकलं गाव. १४ जून १९८५ रोजी तिथं नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला, की आपापसातल्या सीमेवरची तपासणी बंद करायची. हळूहळू बाकीचे देश येत गेले. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण या करारात आहे. ब्रिटन मात्र नाही. म्हणजे शेंगेनचा व्हिसा लंडनला चालणार नाही आणि लंडनचा पॅरिसला चालणार नाही. त्यामुळे शहर आधी ठरवायचं, अर्ज मग.

जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो आहे. ६ वर्षांपासून १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, आणि त्याहून लहानांना काहीच नाही. तुम्ही तेरा वर्षांचे आणि छोटी आठ वर्षांची असेल तर पाच जणांचे किती झाले? ४०५ युरो! अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क आणि प्रवासाचा विमा वेगळाच. तीन तासांच्या फेरफटक्यासाठी एवढा खर्च मला तरी पटत नाही. एवढं करायचंच, तर एक रात्र मुक्काम करावा.

मुक्काम केला की गणित पार बदलतं. सकाळी ७ ला उतरून दुसऱ्या दिवशी दुपारी ४ चं विमान धरलंत, तर झोपेचे ९ तास वजा करूनही १६-१७ तास फिरायला आणि खायला-प्यायला उरतात. मग विमानतळ तासभर लांब असला तरी फार बिघडत नाही. म्हणजे काही तासांचाच थांबा असेल तर स्टेशनाजवळचं शहर घ्या, आणि रात्र असेल तर मनातलं शहर घ्यायला हरकत नाही. २४ तासांहून जास्त थांबलं की विमान कंपन्या त्याला 'स्टॉपओव्हर' म्हणतात. काही कंपन्या त्याचे जादा पैसे घेत नाहीत, काही घेतात. हे तिकीट काढतानाच विचारायचं. आणि मोठ्या बॅगा बहुधा वाटेत ताब्यात घ्याव्या लागतात, तेव्हा हॉटेल स्टेशनाजवळ असलेलं बरं. स्वस्तात पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं मात्र शक्यतो काढू नयेत. पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही की पैसेही परत देत नाही.

आता शहरं. ॲमस्टरडॅमची गंमत विमान उतरतानाच सुरू होते. स्किफोल विमानतळ समुद्राच्या पातळीपेक्षा सुमारे ३ मीटर खाली आहे! दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथं हार्लेमरमीर नावाचा प्रचंड तलाव होता. वादळात त्याचं पाणी गावांत शिरायचं. शेवटी डच लोकांनी भोवती बांध घातला, कालवा खणला आणि वाफेवर चालणारे तीन अवाढव्य पंप बसवले. १८४९ पासून १८५२ पर्यंत रात्रंदिवस उपसा करून त्यांनी सुमारे १८ हजार हेक्टरचा तलाव कोरडा केला. आधी तिथं शेती झाली, आणि १९१६ साली विमानं उतरू लागली. तुमच्या विमानाची चाकं टेकतात ती त्या तलावाच्या तळाला. आजीला हे जरूर सांगा, ती विमानातच हात जोडेल.

शहरात चालताना मात्र सावध. लालसर रंगाची वाट दिसली की ती सायकलींची, पायी चालणाऱ्यांची नव्हे. त्यात सायकलवाले जोरात येतात, आणि वाहनं आपल्या उलट, उजव्या बाजूनं चालतात. तेव्हा रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं.

आणि ॲनचं घर. प्रिन्सेनग्राख्त नावाच्या कालव्याच्या काठी, २६३ नंबर. मुख्य स्टेशनापासून पायी वीस मिनिटांवर. जुलै १९४२ मध्ये तेरा वर्षांची ॲन, तिची बहीण मार्गोट आणि आई-वडील इथं लपले. पुढं आणखी चौघं आली. पुस्तकांच्या एका कपाटामागं दार होतं, त्याच्या आड आठ माणसं दोन वर्षांहून जास्त काळ दबक्या आवाजात राहिली, कारण ती ज्यू होती. ४ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांना पकडलं. ॲन १९४५ मध्ये बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत गेली. आठांपैकी एकटे तिचे वडील वाचले, आणि त्यांनी १९४७ मध्ये तिची डायरी प्रसिद्ध केली. ते कपाट आजही तिथं आहे. खोल्या मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत, ॲननं भिंतीवर चिकटवलेली चित्रं मात्र दिसतात. डायरी वाचून गेलात तर त्या रिकाम्या खोल्या तुम्हांला खूप काही सांगतील. न वाचता गेलात तर अरुंद जिने तेवढे दिसतील. म्हणून छोटी अजून लहान असेल तर तिला आग्रह करू नका.

याची तिकिटं दारात मिळत नाहीत. ती फक्त इंटरनेटवर, ठरावीक वेळेची आणि काही आठवडे आधी काढावी लागतात. ती चटकन संपतात. उतरल्या दिवशी जायचं असेल तर सकाळी साडेदहाच्या आधीची वेळ घेऊ नका, कारण पासपोर्टची रांग आपल्या हातात नसते. जुन्या घराचे जिने फार उभे आहेत, ते आजीला जमणार नाहीत. पण कालव्यांतून तासभर फिरवणाऱ्या बोटी जवळच मिळतात. आजी, छोटी आणि बाबा बोटीत, तुम्ही आणि आई ॲनच्या घरात. दोन्हींना लागणारा वेळ जवळजवळ सारखाच!

झुरिक त्यामानाने निवांत. स्टेशनातून निघून सरळ चालत गेलं की तळं. शहरात बाराशेहून अधिक कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिता येतं, तेव्हा बाटली विकत घेऊ नका. विकत घेण्यासारखं तिथं फारसं काही नाहीच, सगळं महाग! पैसेही युरो नव्हेत, फ्रँक. आजीला आवडेल अशी एक गोष्ट मात्र आहे. १८९८ पासून चालू असलेलं एक शाकाहारी उपाहारगृह, हिल्टल नावाचं. फ्रँकफर्टचं नाव घरात कुणीच घेतलं नव्हतं, पण डायनासोरचं वेड असेल तर तिथलं झेंकेनबर्ग संग्रहालय विसरू नका.

लंडनबद्दल बाबांचं म्हणणं नीट ऐका. १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथं राहून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध त्याच काळातला, आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं हे घर विकत घेतलं, आणि आता तिथं स्मारक आहे. जवळचं भुयारी रेल्वेचं स्टेशन चॉक फार्म. उघडं असण्याचे दिवस आधी बघून ठेवायला हवेत. या घरासाठी जायचं, तर काही तासांच्या थांब्यात घाईघाईनं जाऊ नये असं मला वाटतं. लंडनचा वेगळा व्हिसा काढून, मुक्कामानंच जावं. आजी बरोबर असताना आणि पहिलीच खेप असताना मी ॲमस्टरडॅम निवडेन, आणि लंडन परतीच्या वाटेवर ठेवेन.

एक गोष्ट सगळ्या शहरांना लागू. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यामागं साडेतीन तास असतं (लंडनचं साडेचार). मे महिन्यात रात्री नऊलाही चक्क उजेड असतो. पण तिथं संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तुमच्या पोटातल्या घड्याळात साडेनऊ झालेले असतात, तेही आदल्या रात्रीच्या जागरणानंतर. छोटी ट्राममध्येच झोपेल. महत्त्वाचं काय ते सकाळी उरकून घ्या. पहाटे चारला सगळे टक्क जागे होतील ते वेगळंच!

आजीच्या डब्याकडेही लक्ष असू द्या. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथं बंदी आहे. मावशीसाठी घेतलेले पेढे आणि तुपाची बरणी जप्त होऊ शकते. विमानतळातून बाहेर पडायचं असेल तर ते मुंबईलाच ठेवलेले बरे. चिवडा चालेल.

आता एक गणित तुमच्यासाठी. छोटीच्या हट्टापायी पॅरिस ठरलं, पण सुट्टी मिळाली डिसेंबरात. विमान मंगळवारी सकाळी ८ ला उतरतं आणि पुढचं बुधवारी दुपारी १ ला सुटतं. लुव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. डिसेंबरात तिथं सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या आसपास मावळतो. विमानतळ ते शहर एक तास धरा, आणि बाकीच्या वेळा वर दिल्याप्रमाणेच. पाच जणांना उजेडात किती तास मिळतील, आणि आयफेल टॉवरवर कधी जायचं?