एटीएम कार्डाएवढी फट

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गाडी मिसिंग मारायला लागली. सपाटीला काही तक्रार नव्हती. सिग्नलला उभी असताना तर इंजिन चालू आहे की बंद, हे काट्याकडे बघून ठरवावं लागायचं. पण चढावर, चौथ्या गिअरमध्ये, दोन हजार आरपीएमला पाय दाबला की हिसके. पाय काढला की पुन्हा शहाणी. तीन सिलिंडरची टर्बो-पेट्रोल गाडी, घेतली पिकअपसाठी, आणि पिकअप मागितला की नेमकी अडते!

“प्लगचा गॅप वाढलाय,” गॅरेजवाले मामा बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाले. प्लग बाहेर काढून त्यांनी तारेचा गेज लावला: ०.९ मिलिमीटर. हवा होता ०.७. फरक किती, तर झेरॉक्सच्या दोन कागदांच्या जाडीएवढा. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते हे मला ठाऊक होतं, म्हणून मी खिशातलं कार्ड काढून त्या फटीत सरकवायला गेलो. मामांनी मनगटच धरलं. “टोक तुटेल. इरिडियम आहे ते.”

दोन कागदांनी एवढी गाडी अडावी?

हवा वीज वाहू देत नाही. मोकळ्या हवेत एक मिलिमीटर ओलांडायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. ठिणगी पडायची तर एखाद्या इलेक्ट्रॉनने आधी वेग घ्यावा लागतो, मग वाटेतल्या रेणूवर आपटून दुसरा इलेक्ट्रॉन सुटा करावा लागतो, त्या दोघांनी आणखी दोन, असं करत लोंढा तयार होतो. पण हवा दाट असेल तर वेग घ्यायलाच जागा नाही. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर धावून बघा, म्हणजे इलेक्ट्रॉनचं दुःख कळेल.

फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९मध्ये याचा हिशेब मांडला: किती व्होल्ट लागणार हे दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. तापमान तेच ठेवून दाब दुप्पट केला, तर अंतर निम्मं करा, व्होल्ट तेवढेच पुरतात. टर्बो नेमका दाबच वाढवतो. धुराच्या जोरावर फिरणारा हा पंखा सिलिंडरमध्ये हवा कोंबतो, पिस्टन ती आणखी दाबतो, आणि ठिणगीच्या क्षणी ती बाहेरच्या हवेच्या दहापटीहून दाट झालेली असते. बारा व्होल्टच्या बॅटरीवर कॉइल वीस-तीस हजार व्होल्ट उभे करते, ते या गर्दीतून वाट काढायला. म्हणजे इंजिन ऐन जोमात येतं तेव्हाच ठिणगीचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. सिग्नलला उभ्या गाडीत हवा विरळ, त्यामुळे ०.९सुद्धा चालून जातं. घाटात उघडं पडतं.

मग फट आणखी बारीक का ठेवत नाहीत? कारण ठिणगीतून जन्मलेली ज्योत आधी चिमुकली असते. दोन्हीकडचा धातू फार जवळ असला तर तोच तिची उष्णता शोषून तिला विझवतो.

सहा हजार आरपीएमला एक प्लग सेकंदाला पन्नास ठिणग्या टाकतो. प्रत्येक ठिणगी टोकाचा कणभर धातू खाते, फट वाढत जाते. म्हणून इरिडियम. ते २,४०० अंशांच्या पुढे वितळतं, निकेल १,४५५लाच. पृथ्वीच्या कवचात ते अतिदुर्मीळ, उल्कांमध्ये बरंच जास्त. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या मातीच्या थरात ते अवाच्या सवा सापडलं, म्हणून तर १९८०मध्ये अल्वारेझ पितापुत्र आणि त्यांचे सहकारी डायनासोर अशनीने मेले, असं म्हणाले. खंबाटकीचा काळा कातळही त्याच सुमारास दख्खनवर लाव्हा वाहत होता, त्यातला. माझी गाडी कुठे अडली बघा!

प्लग घेताना फसवतो तो त्याच्यावरचा उष्णतेचा आकडा. टोक साधारण ५०० अंशांच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते. साडेआठशेच्या वर गेलं तर तेच निखारा होऊन ठिणगीआधीच पेट्रोल पेटवतं. टर्बोत उष्णता जास्त, म्हणून ती पटकन हेडमध्ये सोडणारा ‘थंड’ प्लग लागतो. गंमत अशी की एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. गाडीचं ट्यूनिंग बदललेलं नसेल तर कंपनीने दिलेला नंबरच घ्यावा, हुशारी करू नये.

माझे प्लग फिकट तपकिरी निघाले, म्हणजे तब्येत बरी. कोरडी काजळी असती तर पेट्रोल जास्त, ओलं तेल असतं तर इंजिनच आजारी, आणि चिनीमातीवर चंदेरी ठिपके दिसले असते तर पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम उडतंय असं समजायचं. स्कूटरच्या काळासारखा पॉलिश पेपर मारायचा नाही. इरिडियमचं टोक अर्धा मिलिमीटर जाड, त्यात घासणार काय?

नवे प्लग बसले, तरी दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर कोड काही जाईना. मामांनी दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावली, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि चढावर चक्कर मारून आले. स्कॅनरवर आता तिसरा सिलिंडर. दुखणं कॉइलबरोबर फिरलं होतं. वाढलेल्या गॅपसाठी जादा व्होल्ट उभे करता करता ती दमली असणार.

मी कार्ड पाकिटात घालायला लागलो.

“ते असू द्या बाहेर,” मामा म्हणाले. “कॉइलचे पैसे राहिलेत.”