ओल्या बोटांचा फोन

पालघरच्या मासळी बाजारात गिऱ्हाइकाने पैसे फोनवरून पाठवले की ते आले का, हे मावशीला बघायचं असतं. हाताला बर्फाचं पाणी, खवले, मीठ. ती बोट पदराला पुसते, स्क्रीनवर टेकवते. काही उघडत नाही. पुन्हा पुसते. फोन कंपन्यांची चढाओढ मात्र बरीच वर्षं कॅमेरा आणि जाडी यांवरच चालली.

अनेक स्क्रीनच्या काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडच्या पारदर्शक रेघांची जाळी असते. बोट विजेचं वाहक असल्यामुळे ते जवळ आलं की त्या जागची विद्युतधारकता बदलते आणि चिप तिथे स्पर्श झाला असं धरते. पाणीही वाहकच, आणि खारं पाणी तर जास्तच. मग काचेवर थेंब पडले की फोन आपोआप चालू लागतो आणि खरं बोट कुठे टेकलं ते त्याला कळत नाही.

सातपाटीचे मच्छीमार फोन प्लॅस्टिकच्या पातळ पाऊचमध्ये ठेवतात, तेव्हा टच चालतो. विद्युतक्षेत्र पातळ प्लॅस्टिकमधून सहज पार होतं. पण तारापूर एमआयडीसीत रसायनं हाताळताना घालायचा रबरी हातमोजा जाड असतो. बोट आणि जाळी यांतलं अंतर वाढलं की धारकतेतला फरक इतका कमी होतो की चिपला तो जाणवतच नाही. २०१२च्या नोकिया लुमिया ९२०ने संवेदनशीलता वाढवून हातमोज्यांसकट चालणारा टच दिला होता. ज्वालाग्राही वाफा असतात अशा भागात साधा फोन नेऊच देत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

धारकतेवर चालणारे स्क्रीन रुळण्याआधीचे दाबाचे स्क्रीन नखाने, हातमोज्याने, ओल्या बोटानेही चालत. वरचा पातळ थर दाबला की खालच्याला टेकायचा, एवढंच. २००७मध्ये आयफोन आला, दोन बोटांनी फोटो मोठा करण्याची चटक लागली आणि हे स्क्रीन मागे पडले. टचस्क्रीन नसलेल्या २००३च्या नोकिया ११००ला धूळ न शिरणारा कीपॅड होता, न निसटणाऱ्या कडा होत्या, टॉर्च होता. जगभर सुमारे २५ कोटी फोन विकले गेले. घामट हाताचा असा विचार करणारं डिझाइन मला आजही सर्वांत मोलाचं वाटतं.

आता स्पर्धा पुन्हा या वाटेला आली आहे. २०२४च्या जानेवारीत भारतात आलेल्या वनप्लस १२मध्ये ओल्या स्क्रीनवर चालणारा टच होता. त्याच वर्षी रिअलमीनेही तो दिला. यामागे एक सुंदर युक्ती शक्य आहे. काचेवरचा थेंब एकटा असतो, बोटामागे अख्खं शरीर असतं. जाळीतल्या दोन रेघांमधली धारकता थेंबाने बदलते. पण प्रत्येक रेघ स्वतंत्रपणे जमिनीच्या संदर्भात मोजली, तर सुट्या थेंबाचा फरक नगण्य आणि बोटाचा ठळक दिसतो. दोन्ही मापं ताडून पाहिली की बोट ओळखता येतं.

किनाऱ्यावरच्यांनी आणखी एक जपावं. आयपी६८ या जलरोधकतेच्या दर्जाची चाचणी गोड्या पाण्यात होते. चार्जिंगच्या खाचेत खारं पाणी राहिलं आणि चार्जर लावला, तर विद्युत अपघटनाने धातूच्या पिना झिजतात. म्हणून असा जलरोधक फोन खाऱ्या पाण्यात भिजलाच, तर गोड्या पाण्याने हलका धुवून पूर्ण सुकवावा आणि मगच चार्जर लावावा.

बोईसरच्या दुकानात नवा फोन घेताना कॅमेरा तर बघालच. डेमोच्या स्क्रीनवर दोन थेंब पाणी टाकून नंबर लावून बघा, कामावरचा हातमोजा घालूनही बघा.