फासे आणि सोंगे – लेखांक ९ : शपथ वाहिलेला लढवय्या

द्रोणपर्वातला तो प्रसंग आपल्याला पाठ असतो. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, युधिष्ठिराने ‘अश्वत्थामा मेला’ एवढं मोठ्याने सांगितलं आणि हत्तीचा उल्लेख तोंडातल्या तोंडात उरकला. पुढचा तपशील मात्र बरेच जण भरभर वाचून सोडून देतात. तोवर धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालत असे. त्या क्षणी तो खाली टेकला. त्याच्या हातातली ताकद गेली नाही, भालाफेक तो विसरला नाही, युद्धही तोच जिंकला. गेली ती चार बोटं. बाकीच्या सगळ्यांचे रथ जसे मातीतून चालत होते, तसाच त्याचाही चालू लागला.

डंजन्स अँड ड्रॅगन्समधला पॅलाडिन नवख्या माणसाला समजवायचा असेल, तर मी नियमांच्या पुस्तकाआधी हा रथ सांगतो. आजचा लेखांक या शपथ वाहिलेल्या लढवय्यावर, पॅलाडिनवर आहे. मालिकेत उशिरा आलेल्यांसाठी एका दमात: हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ, एक जण डीएम होऊन सगळं जग चालवतो, बाकीचे एकेक पात्र अंगावर घेतात, आणि पात्राने जे करायचं म्हटलं ते साधलं की फसलं, हे बहुतेक वेळा वीस बाजूंचा फासा ठरवतो. बाकी मागचे अंक काढून वाचा.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत छापला गेला, तेव्हा त्यात पॅलाडिन नव्हता. तो आला १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत. गंमत म्हणजे मागच्या आठवड्यात आपण पाहिलेला चोरही त्याच पुरवणीतून आला. चोर कुणालाही होता येत होतं. पॅलाडिन व्हायचं तर पात्राचा करिष्मा, म्हणजे माणसांवर छाप पाडायचा गुण, किमान १७ हवा. सहा बाजूंचे तीन फासे टाकून १७ किंवा १८ येण्याची शक्यता २१६ मध्ये ४. म्हणजे हे पात्र निवडायचं नसायचं, ते नशिबाने हाती लागायचं.

त्याचं मूळ युरोपात शार्लमेन राजाच्या बारा सरदारांच्या दंतकथांमध्ये आहे. ७७८ मध्ये रोंसव्होच्या खिंडीत पडलेला रोलां हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. पण गायगॅक्सच्या पानांवर पॅलाडिन आला तो मुख्यतः पोल अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्‌स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीतून. तिचा नायक होल्गर हा डॅनिश इंजिनियर. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत तो एका जादूच्या जगात जाऊन पडतो आणि हळूहळू कळतं, की तो त्या बारांपैकीच एक आहे. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात हा खेळ खेळणाऱ्यांत इंजिनियर काही कमी नाहीत. त्यांना ही वंशावळ आवडते.

१९७८ च्या पुस्तकाने नियम आणखी आवळले. पॅलाडिनकडे जादूच्या वस्तू दहाच्या वर नकोत. मिळकतीचा दहावा भाग दान. दुष्टांशी संगत नाही. आणि समजून-उमजून एक जरी दुष्कृत्य केलं, तर तो कायमचा साधा योद्धा. परतीचा रस्ता नाही. रथ खाली, आणि खालीच.

कागदावर हे छान दिसतं. टेबलावर याने वर्षानुवर्षं भांडणं लावली. पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीत, चोर असतोच. त्याने कुणाचा खिसा कापला की पॅलाडिन तलवार उपसून उभा. कैद्याला दम द्यायचा म्हटलं की हा आडवा. दारावरच्या पहारेकऱ्याला थाप मारायची ठरली की हा खरं बोलून मोकळा. ‘माझं पात्र असंच वागेल’ या एका वाक्यावर चार मित्रांची संध्याकाळ वाया गेल्याची उदाहरणं जुन्या खेळाडूंकडे ढिगाने मिळतील. दुसऱ्या बाजूला काही डीएमना याची चटक लागली. पॅलाडिनपुढे दोन्हीकडून पाप लागेल असा पेच टाकायचा आणि तो कसाही वागला तरी ‘गेली तुझी शक्ती’ म्हणून मोकळं व्हायचं. हा पेच नव्हे. हे ताट वाढून ते पायाने उडवणं आहे.

२०१४ च्या नियमांनी यातून वाट काढली. पॅलाडिन सज्जन असलाच पाहिजे या जुन्या अटीच्या जागी शपथ आली. तिसऱ्या लेव्हलला, म्हणजे अनुभवाच्या तिसऱ्या टप्प्यावर, खेळाडू शपथ निवडतो. एक शपथ सचोटी, धैर्य, करुणा असा सरळ मार्ग दाखवणारी. एक जगातलं हसू आणि प्रकाश राखणारी. एक सूडाची, जिच्यात मोठ्या दुष्टाला संपवण्यासाठी पडेल तो मार्ग चालतो. शेवटची वाचून आपल्या माणसाला दुःशासनाच्या रक्ताची प्रतिज्ञा केलेला भीम आठवतोच.

मला मात्र भीमापेक्षा भीष्म मोलाचा वाटतो. त्याची प्रतिज्ञा सूडाची नव्हती, सज्जनपणाचीही म्हणता येणार नाही. गादीवर हक्क सांगणार नाही, लग्न करणार नाही. आणि त्यातूनच गादीवर जो असेल त्याला राखण्याचं बांधलेपण आलं. देतेवेळी ती उदात्त होती. पुढे दोन पिढ्यांनी त्या गादीला दुर्योधन चिकटला आणि तीच प्रतिज्ञा म्हाताऱ्याला भरसभेत गप्प बसवून गेली. चांगली शपथ खेळाडूला अशा जागी नेते, जिथे ती पाळणं अवघड आणि मोडणंही अवघड. जी शपथ कधीच आड येत नाही ती कॅरेक्टर शीटवर लिहायची तरी कशाला?

निव्वळ भगवं वस्त्र आणि तलवार एवढ्याने कुणी पॅलाडिन होत नाही, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. अठराव्या शतकात गोसाव्यांच्या सशस्त्र फौजा होत्या. त्यांतला अनुपगिरी, म्हणजे हिंमतबहादूर, अंगाला राख फासलेल्या लढवय्यांचा सरदार. १७६१ मध्ये पानिपतावर तो शुजाउद्दौलाच्या बाजूने, म्हणजे मराठ्यांच्या विरुद्ध उभा होता. पुढे महादजी शिंद्यांशी त्याने जमवून घेतलं, बिघडवलं, आणि १८०३ मध्ये बुंदेलखंडात इंग्रजांना मिळाला. पराक्रमी निःसंशय. पण खेळातल्या भाषेत तो पॅलाडिन नव्हे. जिकडे पगार तिकडे तलवार असा फायटर. (पात्र म्हणून तोही फार मजेदार आहे. कुणीतरी खेळावा.)

आमचं टेबल मोशीत, बोऱ्हाडेवाडीतल्या एका सोसायटीत. वेळ जमवणं हीच पहिली लढाई. भोसरीकडच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, आयटीवाल्यांची शनिवार-रविवारी, आणि चाकणला शिफ्टमध्ये असणाऱ्याचं काहीच सांगता येत नाही. पॅलाडिन खेळते ती एका कारखान्यात क्वालिटीला आहे. नाकारलेले पार्ट लाल डब्यात टाकायचे हे तिचं रोजचं काम. सुरुवातीला तिचा पॅलाडिनही तेच करत होता: सोबत्यांचं प्रत्येक वागणं तपासायचं आणि रिजेक्ट. चोर खेळणारा वैतागला. मग तिनेच तोडगा काढला, आणि तो पुस्तकातून नव्हता, घरातून होता. तिचे वडील माळकरी.

मोशीत राहणाऱ्याला हे फोडून सांगावं लागत नाही. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी, आणि मधला रस्ता इथूनच जातो. माळ घातलेला माणूस मांसाहार सोडतो, दारू सोडतो, एकादशी धरतो, वर्षाची वारी चुकवत नाही. पण कारखान्याच्या कँटीनमध्ये शेजारच्याच्या ताटात अंडाकरी आली म्हणून तो टेबल उलथत नाही. आपलं ताट सांभाळतो. नियम कडक, आणि सगळे स्वतःवर. तिने पॅलाडिनची शपथ त्याच पद्धतीने नव्याने लिहिली. प्रत्येक कलमाचा कर्ता ‘मी’. चोराने काय करावं याचं एकही कलम नाही. त्यानंतर आमच्या पार्टीत चोर आणि पॅलाडिन ही सर्वांत रंगणारी जोडी झाली. तो खिसे कापतो. ती त्याला अडवत नाही, पण त्या पैशातलं जेवण घेत नाही, आणि कुणी तिला विचारलं तर खोटं बोलत नाही. त्यामुळे तो तिच्यासमोर फार काही कबूल करायला धजत नाही. यातून जे संवाद होतात ते कुठल्याही डीएमला लिहून जमणार नाहीत.

आता करिष्म्याकडे. इतका तगडा, चिलखत घातलेला लढवय्या, आणि त्याचा महत्त्वाचा आकडा शक्तीचा नसून करिष्म्याचा का, हा प्रश्न नवखे हमखास विचारतात. उत्तरासाठी पाच-सहा कोसांच्या आत जाऊन येऊ. आळंदीच्या मंदिरात महाद्वाराच्या पायरीशी हैबतबाबा आरफळकरांची समाधी आहे. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचा हा माणूस ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होता. परतीच्या वाटेवर सातपुड्यात लुटारूंनी त्यांना कोंडलं, ते हरिपाठ म्हणत राहिले आणि सुटले, अशी कथा वारकरी सांगतात. सुटल्यावर त्यांनी आळंदी धरली ती कायमची. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेल्या सोहळ्यात ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत जात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबांनी माउलींचा सोहळा वेगळा उभा केला. आणि सरदारालाच सुचेल तसा केला: दिंड्यांचे क्रम ठरलेले, कोण पालखीपुढे, कोण पालखीमागे, नगारा, तंबू, आणि बेळगाव भागातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे. ते घोडे आजही येतात. फौजेची शिस्त राहिली, शस्त्र गेलं.

या सोहळ्यात संध्याकाळी तळावर समाजआरतीआधी दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला चोप उंच करतो आणि सगळं एकदम थांबतं. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो, म्हणणं ऐकून घेतो, निवाडा होतो. तो ओरडत नाही, हात उगारत नाही. पॅलाडिनचा करिष्मा हा असा. म्हणूनच सहाव्या लेव्हलपासून दहा फुटांच्या आत उभ्या असलेल्या सोबत्यांना त्याच्या करिष्म्यावरून मिळणारा बोनस आपल्या बचावाच्या फाशात मिळवता येतो. तो जवळ आहे एवढ्यानेच माणसं भीतीला, जादूला जरा जास्त टिकतात.

बाकीच्या शक्ती थोडक्यात. हात ठेवून बरं करायची ताकद: लेव्हल गुणिले पाच इतके गुण दिवसाला, हवे तसे वाटायचे, त्यातले पाच खर्चून विषही उतरवता येतं. आणि स्माइट: वार बसल्यावर जादूचा साठा खर्चून त्यात दैवी तेज ओतायचं, पहिल्या पायरीला आठ बाजूंचे दोन फासे जास्त. २०२४ च्या पुस्तकाने स्माइटला मंत्राच्या रांगेत बसवलं आणि एका पाळीत एकदाच, असा लगाम घातला. स्माइटवाल्यांनी आरडाओरडा केला. मला तो लगाम बरा वाटतो. फासे मोजण्यात रमलेला पॅलाडिन शपथ विसरतो.

देव कुठला घ्यायचा? इथे माझं मत ठाम आहे: आपला घेऊ नये. १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात इंद्र, विष्णू, काली यांना चिलखताचा आकडा आणि किती मार सोसतील याचा आकडा देऊन ठेवलाय. तो वाचताना हसू येतं आणि जरा कसंसंही होतं. जेजुरीचा खंडोबा स्वतःच घोड्यावरचा तलवारधारी देव, दसऱ्याला तिथे ४२ किलोचा खंडा एका हाताने तोलायची स्पर्धा लागते, मोह होणारच. खंडा घ्या, घोडा घ्या, भंडाऱ्याचा पिवळा रंग घ्या. देव मात्र टेबलावर मिळून नवा रचा. कुणाच्या देवघरातल्या मूर्तीवर फासा टाकायची वेळ येत नाही, आणि त्या नव्या देवाच्या पुजाऱ्यांना लबाड करायची मोकळीक डीएमला मिळते.

शपथ लिहिताना तीन कलमं पुरतात. आमच्या पॅलाडिनची अशी आहेत: निःशस्त्रावर शस्त्र नाही. शत्रूला दिलेला शब्दही शब्दच. आणि समोर कुणी उपाशी असेल तर तो जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. पहिली दोन कुठल्याही पॅलाडिनला शोभतील. खेळ घडवला तो तिसऱ्याने. कोठडीत सापडलेल्या गॉब्लिनला तिने आपली भाकरी दिली, शिधा संपला, पार्टीला मुक्काम बदलावा लागला आणि जी वाट टाळायची ठरली होती तीच धरावी लागली. ‘न्यायाचं रक्षण करीन’ असलं मोघम कलम यातलं काहीच करू शकलं नसतं.

डीएमने ही कलमं आपल्याजवळ लिहून ठेवावीत आणि दर दोन-तीन सेशनमध्ये एकाला हात घालावा. मोडायची वेळ आली तर आधी टेबलावर उघड सांगावं: हे केलंस तर शपथ मोडते, करायचंय? खेळाडू हो म्हणाला तरच रथ खाली टेकवावा. एकदा टेकला की त्याला काय करावं लागेल, तेही त्यालाच विचारावं. १९७८ च्या पुस्तकातसुद्धा लहान चुकीला पुरोहितापुढे कबुली आणि प्रायश्चित्त होतं. आजचे नियम तर मोठ्या चुकीलाही दार उघडं ठेवतात. आमच्याकडे एकदा दुसरं कलम मोडलं. डाकूंच्या म्होरक्याला दिलेला शब्द पार्टीने तिच्या वतीने फिरवला आणि ती गप्प राहिली. प्रायश्चित्त तिनेच सुचवलं: त्या डाकूच्या गावी जायचं आणि त्याच्या आईला खरं काय घडलं ते सांगायचं. तीन सेशन त्यातच गेले. चोर सोबत गेला, कारण रस्ता त्यालाच माहीत होता.

पुढच्या आठवड्यात पुरोहित. तोवर एखादी शपथ लिहून पाहा, तीन कलमांची; आणि तिसरं पोटापाण्याशी जोडलेलं ठेवा.