पाकळ्या नसलेलं फूल, समुद्रातून आलेला डोंगर

‘द साउंड ऑफ म्युझिक’ पाहिलेल्या प्रत्येकाला एडलवाइस या आल्प्समधल्या फुलाचं नाव गाण्यामुळे ठाऊक असतं. ते गाणं ऑस्ट्रियाचं जुनं लोकगीत असावं, असं भल्याभल्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते १९५९ साली अमेरिकेच्या ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी मूळ नाटकासाठी लिहिलं. त्यांनी लिहिलेलं हे शेवटचंच गाणं. पुढच्याच वर्षी ते गेले. गाणं असं घरोघरी पोचलं, पण खुद्द फुलाच्या गमती त्याहून भारी आहेत.

पहिली गंमत म्हणजे या फुलाच्या पांढऱ्याशुभ्र पाकळ्या पाकळ्याच नाहीत. ती पानं आहेत. आपल्या बोगनवेलीत जशी गुलाबी पानं मिरवतात आणि खरं फूल आत इवलंसं असतं, तसंच इथेही. मधोमध पिवळसर गेंद दिसतात ना, त्या प्रत्येकात कितीतरी बारीक फुलं दाटीवाटीने बसलेली असतात. सूर्यफूल आणि शेवंती ही याच कुळातली. परागीभवनाचं काम मुख्यतः करतात माश्या. रुबाबदार फुलपाखरांपेक्षा उंचावर त्यांचाच भरवसा जास्त.

आता त्या पानांवरची लव भिंगातून बघा. पांढरेपण पानाचं नाही, या लवीचं आहे. एकेक केस साधारण १० मायक्रॉन जाडीचा, आतून पोकळ, एकमेकांत गुंतलेला. बेल्जियमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी २००५ साली हे केस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा प्रत्येक केसाच्या अंगावर आणखी बारीक समांतर तंतू दिसले. त्यांची जाडी ०.१८ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे अतिनील किरणांच्या तरंगलांबीला जवळची. त्यामुळे पेशी भाजणारे अतिनील किरण लवीतच अडतात आणि अन्न तयार करायला लागणारा उजेड खाली पानापर्यंत पोचतो. वर ही लव वाऱ्याने पाणी उडू देत नाही ते वेगळंच. १८०० ते ३००० मीटर उंचीवर या झाडाचा सगळा संसार या लवीवर चालतो.

झाडाइतकाच त्याचा डोंगरही नवलाचा. एडलवाइसला चुनखडीसारख्या दगडांचे डोंगर मानवतात. ईशान्य इटलीतले डोलोमाइट पर्वत हे त्याचं एक नामी ठिकाण. आपला सह्याद्री लाव्हारसाचा. हे पर्वत मात्र समुद्राच्या तळाचे. सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार टेथिस समुद्रात प्रवाळ, शैवाल आणि शिंपल्यांचे थरावर थर साचले, आणि पुढे आफ्रिका-युरोपच्या रेट्यात ते आभाळात उचलले गेले. आज तीन हजार मीटरवर शंख-शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. देओदा द डोलोमिय या फ्रेंच भूवैज्ञानिकाच्या ध्यानात आलं की इथला दगड चुनखडीसारखा दिसतो, पण आम्लाचा थेंब टाकला तर तसा फसफसत नाही. १७९१ साली त्याने हे छापलं, आणि आधी दगडाला व मग अख्ख्या पर्वतरांगेला त्याचं नाव लागलं. २००९ मध्ये युनेस्कोने हे पर्वत जागतिक वारशात घेतले.

चुनखडीत काय किंवा या दगडात काय, पाणी टिकत नाही, भेगांमधून खाली पळतं. कितीही पाऊस पडो, माती पातळ आणि कोरडीच. अशा ठिकाणी झाडं दगड पारखून घेतात. हिमालयातल्या बुरांश या फुलझाडाची दोन बुटकी भावंडं आल्प्समध्ये आहेत. पानाच्या कडेला केस असलेलं चुनखडीवर वाढतं, पानाच्या पाठीला तांबूस गंज चढल्यासारखं दिसणारं आम्लधर्मी मातीत. दोन्ही प्रकारच्या जमिनी जिथे भेटतात, तिथे दोघांचा संकरही आढळतो. फ्रान्झ उंगर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने दगड आणि झाडांची ही सोयरीक १८३६ मध्येच पुस्तकात मांडली होती. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते: झाड ओळखता आलं की पायाखालचा दगड सांगता येतो.

प्रेयसीसाठी कड्यावर चढून एडलवाइस आणायचं, ही आल्प्समधली जुनी मर्दुमकी. त्यापायी कित्येकांचे जीव गेले. वास्तविक हे झाड कड्याइतकंच उंचावरच्या उघड्या कुरणातही सुखाने वाढतं, कारण त्याचे पूर्वज आशियाच्या कोरड्या गवताळ मुलखातले.

हे फूल चिन्ह म्हणूनही मिरवतं. ऑस्ट्रियाच्या दोन सेंटच्या नाण्यावर एडलवाइस आहे. स्वित्झर्लंडच्या सेनेत जनरलच्या खांद्यावर ताऱ्यांऐवजी हेच फूल असतं. नाझी काळात जर्मन पहाडी सैनिकांच्या टोपीवर एडलवाइस होतं, आणि हिटलरच्या युवक संघटनेला न जुमानणाऱ्या तरुण पोरांच्या टोळ्याही ‘एडलवाइस पायरेट्स’ म्हणूनच ओळखल्या जात.

आता पुन्हा झाडाकडे. सखल बागेत, सुपीक मातीत ते लावलं तर ते लांबडं, हिरवट होतं आणि लव विरळ होते. सौंदर्यप्रसाधनांसाठी लागणारं एडलवाइस आता स्वित्झर्लंडमध्ये शेतात पिकवतात, त्यामुळे रानातलं तोडायची गरजच उरलेली नाही.

त्याची सख्खी भावंडं बघायला युरोपच गाठायला हवं असं नाही. या प्रजातीच्या बहुतेक जाती आशियातल्याच, आणि त्यांतल्या काही उत्तराखंडच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे ट्रेकला जाल तेव्हा रंगीत गालिचे बघून झाले की जरा वाकून लोकरी पांढरट चांदणी शोधा. हवे तेवढे फोटो काढा, पण तोडू नका.