लिक्सलिप : नदी एक, गिऱ्हाइकं अनेक

पर्यावरण अभियांत्रिकीची पुस्तकं जाडजूड असतात. त्यातले निम्मे धडे चालत फिरून बघायचे, तर आयर्लंडमधलं लिक्सलिप गाठा. डब्लिनच्या पश्चिमेला, लिफी आणि राय या नद्यांच्या संगमावरचं हे गाव.

नावातच मासा
लिक्सलिप म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत ‘साल्मनची उडी’. अंडी घालायला समुद्रातून नदीत चढणारे साल्मन इथला धबधबा उडी मारून पार करत. आता धबधबाच धरणाच्या पाण्याखाली गेलाय!

माशांना लिफ्ट
१९४९ साली इथं ४ मेगावॅटचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. मग माशांनी जायचं कुठून? त्यांच्यासाठी धरणातच सोय केली. मासे खालच्या कप्प्यात शिरतात, दार बंद होतं, पाणी भरत जातं आणि मंडळी अलगद वरच्या जलाशयात पोचतात.

सहा लाखांचं आधण
२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथल्या जलशुद्धीकरण केंद्रामुळे सुमारे ६ लाख लोकांना पाणी उकळून प्यायला सांगावं लागलं, तेही दोनदा. धास्ती होती क्रिप्टोस्पोरिडियमची. हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. त्याला गाळून अडवावं लागतं, अतिनील किरणांनी निकामी करावं लागतं, नाहीतर पाणी उकळावं लागतं.

कालवा खणला, झरा लागला
१७९३ मध्ये रॉयल कालवा खणताना मजुरांना खनिजयुक्त कोमट झरा सापडला. वज्रेश्वरीइतका कढत नाही, पण आयर्लंडच्या थंडीत कोमटाचंही कौतुक!

चिपचं सोवळं
१९८९ पासून इंटेल इथं आहे. चिप धुवायला पाणी इतकं शुद्ध लागतं की त्यातले क्षारही काढून टाकतात. पुढे सांडपाण्यावर प्रक्रिया, हा वेगळा धडा.

कुदळ घेतलेला गिनेस
आर्थर गिनेसने १७५५ मध्ये बिअरचा धंदा इथंच मांडला. १७५९ मध्ये डब्लिनला जागा घेतली, ९,००० वर्षांच्या करारानं! १७७५ मध्ये महापालिकेची माणसं त्याचं पाणी तोडायला आली, तेव्हा हा गृहस्थ कुदळ घेऊन उभा राहिला.

पदवी कुठे?
डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात अभियांत्रिकी १८४१ पासून आहे. आज पर्यावरण अभियांत्रिकीही शिकवतात. आपल्या नागपूरची ‘नीरी’ ही संशोधन संस्था १९५८ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या नावात ‘सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी’ होती. ‘पर्यावरण’ आलं १९७४ मध्ये.

मासा, नळ, वीज, चिप सगळ्यांना पाणी हवंय. कुदळ न उचलता ते कसं पुरवायचं, हे शिकण्यासाठीच ही पदवी!