सुई टळते, जोखीम टळत नाही

स्पामधल्या सुईविना सौंदर्योपचारांची वर्गवारी करायची तर यंत्रांची नावे बाजूला ठेवावीत आणि एकच गोष्ट पाहावी: उपचार त्वचेत किती खोल जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रेडिओफ्रिक्वेन्सी मायक्रोनीडलिंगबद्दल, म्हणजे बारीक सुयांमधून त्वचेत उष्णता सोडण्याच्या पद्धतीबद्दल, इशारा दिला. भाजणे, व्रण उठणे, चेहऱ्यावरची चरबी झडणे, मज्जातंतूंना इजा होणे अशा तक्रारी त्यात होत्या. त्या बातमीनंतर ‘नो नीडल’ हा दावा कानाला साहजिकच अधिक आश्वासक वाटतो. पण सुई हे आत शिरण्याचे केवळ एक साधन आहे. उष्णता, आम्ल आणि दाब हीसुद्धा आत शिरतात, आणि ती कुठे थांबली हे डोळ्यांना दिसत नाही.

त्वचेचा सर्वांत वरचा थर, म्हणजे शृंगस्तर, चेहऱ्यावर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. मेलेल्या चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि त्यांच्या सांध्यांत मेदाचा चुना भरलेला, अशी ही भिंत. शरीरातले पाणी आत राखायचे आणि बाहेरचे पदार्थ बाहेर ठेवायचे, हे तिचे काम ती फार चोख करते. बॉस आणि मायनार्डी या संशोधकांनी २००० साली त्याचा एक ठोकताळा मांडला: ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाहीत. ग्लायकोलिक आम्लाचा रेणू ७६ डाल्टनचा, व्हिटॅमिन सीचा १७६ चा, रेटिनॉलचा २८६ चा. कॉलेजनचा मात्र सुमारे ३ लाखांचा. ‘कॉलेजन फेशियल’मध्ये चेहऱ्यावर थापलेले कॉलेजन त्वचेतल्या कॉलेजनमध्ये भर घालते ही कल्पना इथेच कोसळते. हायल्युरोनिक आम्लाचे रेणूही बहुधा हजारोंपासून लाखो डाल्टनपर्यंतचे. ते पृष्ठभागावर ओलावा धरून ठेवतात. तेवढे काम ते उत्तम करतात, पण तेवढेच.

सुरकुत्यांचे मूळ या भिंतीच्या बऱ्याच खाली, अंतस्त्वचेत असते. तिथले कॉलेजन प्रौढ वयात दरवर्षी साधारण १ टक्क्याने घटते, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्क्यांपर्यंत कमी होते. चेहरा उजळवणे आणि त्वचा तरुण करणे ही त्यामुळे दोन वेगळी कामे आहेत. दरपत्रकावर मात्र ती एकाच नावाखाली येतात.

पहिल्या कामात हायड्राफेशियल सर्वांत लोकप्रिय. मूळ यंत्र अमेरिकी कंपनीचे, पण आज हे नाव त्या जातीच्या कुठल्याही यंत्राला सर्रास लावले जाते. पेनासारख्या दांड्याच्या टोकातून द्रव भोवऱ्यासारखा त्वचेवर सोडला जातो आणि त्याच वेळी शोषून घेतला जातो. आधी स्वच्छता, मग सौम्य ग्लायकोलिक व सॅलिसिलिक आम्ल, मग रंध्रांतला मळ ओढणे, शेवटी ओलावा देणारे द्रव. सिटिंग संपल्यावर पारदर्शक भांड्यातले गढूळ पाणी ग्राहकाला दाखवण्याची पद्धत आहे. त्या पाण्यात मेलेल्या पेशी असतात, तेल असते, सकाळी लावलेले सनस्क्रीन असते, पावडर असते आणि मुख्यतः यंत्राचाच द्रव असतो. शरीरातली ‘विषद्रव्ये’ त्यात नसतात, कारण ती त्वचेच्या रंध्रांत साठतच नाहीत. चेहरा मात्र खरोखर चमकतो. ओलावा भरलेला, सपाट झालेला शृंगस्तर प्रकाश एकसारखा परावर्तित करतो, कोरडा आणि खडबडीत थर तो विखुरतो. हा तजेला काही दिवस टिकतो. साखरपुड्याच्या किंवा फोटोच्या आधी कुणी तो घेतला तर त्यात गैर काही नाही. त्याला ‘अँटी-एजिंग’ म्हणून सहा सिटिंगचे पॅकेज विकणे मात्र चुकीचे आहे.

यानंतर प्रकाश. १९६७ साली बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर यांनी उंदरांचे केस काढून त्या जागी मंद लेझर सोडला, तेव्हा केस नेहमीपेक्षा लवकर उगवले. मंद प्रकाश पेशींच्या कामावर परिणाम करतो हे तिथून पुढे आले. अवकाशात रोपे वाढवण्यासाठी नासाने वापरलेल्या एलईडी दिव्यांनी त्याला नंतर चालना दिली. आज स्पामधल्या पॅनेलमध्ये ६३० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश सुरकुत्यांसाठी आणि ४१५ च्या आसपासचा निळा प्रकाश मुरमांसाठी वापरतात. लाल प्रकाशाबद्दलचे पुरावे माफक पण खरे आहेत. २०१४ च्या एका जर्मन चाचणीत १३६ स्वयंसेवकांपैकी ११३ जणांवर आठवड्यातून दोनदा, अशा ३० सिटिंगपर्यंत उपचार झाले आणि त्वचेच्या पोतात सुधारणा दिसली. फेशियलच्या शेवटी दहा मिनिटे दिवा धरून तो परिणाम मिळेल असे मानायला आधार नाही. प्रकाशाने त्वचा बिघडण्याची भीती कमी आहे, डोळ्यांची काळजी मात्र हवीच. प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधे, उदाहरणार्थ मुरमांसाठी सर्रास दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन, चालू असतील तर ते आधी सांगायला हवे.

उष्णतेपासून प्रकरण गंभीर होते. रेडिओफ्रिक्वेन्सी आणि हायफू, म्हणजे एकवटलेला अल्ट्रासाउंड, या दोन्ही पद्धती अंतस्त्वचेला मुद्दाम तापवतात. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला कॉलेजनचे तंतू आकसतात, आणि त्या सूक्ष्म इजेला उत्तर म्हणून पुढच्या काही महिन्यांत शरीर नवे कॉलेजन बनवते. म्हणजे उपचाराचे तत्त्वच नियंत्रित इजा हे आहे. थर्माज या रेडिओफ्रिक्वेन्सी यंत्राला अमेरिकेत २००२ मध्ये, तर अल्थेरपी या अल्ट्रासाउंड यंत्राला २००९ मध्ये मंजुरी मिळाली. अल्ट्रासाउंड त्वचेखाली दीड, तीन आणि साडेचार मिलिमीटरवर ठरावीक बिंदूंत जाऊन पोचतो. साडेचार मिलिमीटर ही शल्यविशारद फेसलिफ्टमध्ये जो पडदा ओढून बसवतात त्याची खोली. जबड्याच्या कडेला आणि कानशिलाजवळ चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या शाखा त्याच परिसरातून जातात. मूळ यंत्रात आतले थर स्क्रीनवर पाहत काम करण्याची सोय आहे. स्वस्त यंत्रांत ती बहुतेक नसते, त्यामुळे गाल भरलेला असो की बसलेला, प्रोब त्याच खोलीवर मारला जातो. बसलेल्या गालात तिथे चरबी आधीच कमी असते, आणि तीही गेली तर चेहरा अधिक वयस्कर दिसतो.

जपानचा अनुभव इथे सर्वांत उपयोगी आहे. तिथल्या ‘एस्थे’ सलूनमध्ये हायफू सर्रास होऊ लागला, आणि भाजणे, चेहऱ्याचा भाग बधिर पडणे, डोळ्यांजवळ वापरल्याने मोतीबिंदू अशा तक्रारी साचत गेल्या. ग्राहक सुरक्षेच्या सरकारी आयोगाने चौकशी करून २०२३ मध्ये अहवाल दिला. २०२४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने स्पष्ट केले की अशा यंत्राने ऊतींना उष्णतेची इजा करणे हे वैद्यकीय कृत्य आहे, आणि डॉक्टर नसलेल्याने ते केले तर कायद्याचा भंग होतो. सुई होती की नव्हती याचा त्या निर्णयाशी संबंध नव्हता. आत काय घडते यावर तो घेतला गेला, आणि हीच कसोटी योग्य आहे.

आम्लाचे, म्हणजे केमिकल पीलचेही तसेच. ग्लायकोलिक आम्ल किती टक्के आहे याच्याइतकाच त्याचा पीएच महत्त्वाचा. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन तज्ज्ञांच्या पॅनेलने १९९८ मध्ये सलूनमधल्या थोडक्या वापरासाठी ३० टक्के आणि पीएच किमान ३ ही मर्यादा सुरक्षित मानली. घरगुती उत्पादनांसाठी ती १० टक्के आणि पीएच ३.५ आहे. त्याहून तीव्र पील हे त्वचारोगतज्ज्ञांचे काम. इंडियन असोसिएशन ऑफ डर्मॅटॉलॉजिस्ट्स, व्हेनेरिऑलॉजिस्ट्स अँड लेप्रॉलॉजिस्ट्स या संघटनेने २००८ मध्ये पीलसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात सावळ्या त्वचेचा विचार मध्यवर्ती होता. त्याला कारण आहे. फिट्झपॅट्रिक यांची त्वचेच्या प्रकारांची पट्टी १९७५ मध्ये गोऱ्या त्वचेसाठी तयार झाली, सावळ्या-काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा हे प्रकार तिला नंतर जोडले गेले. बहुतेक भारतीय त्वचा चौथ्या ते सहाव्या प्रकारात बसते. अशी त्वचा सुरकुत्यांपासून जास्त काळ वाचते, पण दुखावली की डाग धरते. मुरूम फोडले तरी महिनोन्‌महिने काळा ठिपका राहतो, मग आम्लाने किंवा तीव्र प्रकाशझोताने भाजल्यावर काय होईल हे सांगायला नको. गालांवर वांग असलेल्यांनी तर उष्णतेच्या उपचारांपासून विशेष जपावे. उष्णतेने वांग गडद होऊ शकतो, आणि तो घालवण्यासाठी पुन्हा पील, अशी साखळी सुरू होते.

सुईविना या नावाचा सर्वांत धोकादायक वापर हायल्युरॉन पेनमध्ये झाला. हे उपकरण स्प्रिंगच्या किंवा वायूच्या दाबाने फिलर, म्हणजे त्वचेला भराव देणारा द्रव, थेट त्वचेत घुसवते. सुई खरोखरच नसते, पण द्रव किती खोल आणि कुठे जाईल यावर हाताचा ताबाही नसतो. तो रक्तवाहिनीत शिरला तर ऊती मरणे, अंधत्व, पक्षाघात अशी परिणती होऊ शकते. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा कोणत्याही पेनला मान्यता नसल्याचे सांगून लोकांना आणि व्यावसायिकांना ते वापरू नये असे बजावले. उपचारानंतर त्वचा पांढरी किंवा जांभळट पडली, असह्य दुखू लागले किंवा नजर अंधुक झाली तर पार्लरला फोन करण्यात वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठावे लागते.

यंत्रच नसेल तर धोका नाही, हेही खरे नाही. अकोल्यात एकाच कुटुंबातल्या तिघींनी स्थानिक ब्यूटिशियनकडून मिळालेले उजळपणाचे क्रीम लावले आणि तिघींचीही मूत्रपिंडे बिघडली. २०२३ मध्ये बातमी आली तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत क्रीममध्ये पारा असल्याचे समोर आले होते. भारतातल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची उत्पादने वगळता पाऱ्याचा अनवधानाने आलेला अंशही दशलक्षात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. फेशियलनंतर बिनलेबलच्या डबीत भरून दिले जाणारे क्रीम घरी नेऊच नये. पारा नसला तरी त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता असते, आणि स्टेरॉइडनेही पहिले काही आठवडे चेहरा सुंदरच दिसतो.

सुई न लावता त्वचेचे वय रोखता येते याचा सर्वांत भक्कम पुरावा स्पातून आलेलाच नाही. तो ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या नाम्बूर या गावातून आला. त्वचेचा कर्करोग सनस्क्रीनने टळतो का हे पाहण्यासाठी ॲडेल ग्रीन यांच्या चमूने १९९२ मध्ये तिथल्या १,६२१ रहिवाशांवर चाचणी सुरू केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने गट पडले. एका गटाने रोज सकाळी डोके, मान, दंड आणि हातांवर सनस्क्रीन लावायचे. दुसऱ्याने नेहमीप्रमाणे, वाटेल तेव्हा. लोक खरेच लावतात का हे तपासण्यासाठी परत आलेल्या बाटल्यांचे वजन केले गेले. पुढे त्यातल्या ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूचे सिलिकॉनचे ठसे सुरुवातीला आणि साडेचार वर्षांनी घेऊन, कोण कोणत्या गटात हे ठाऊक नसलेल्या तपासनिसांनी रेषांची प्रतवारी केली. रोज लावणाऱ्यांच्या त्वचेत मोजता येईल अशी वाढीव झीज आढळली नाही. दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांच्या त्वचेची एकूण झीज २४ टक्के कमी होती. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. वापरलेले सनस्क्रीन एसपीएफ १५ च्या आसपासचे, म्हणजे आजच्या मानाने साधेच होते. त्यात जिंकली ती रोजची सवय.

नाम्बूरचे लोक प्रामुख्याने गोरे, तेव्हा तो आकडा महाराष्ट्राला जसाच्या तसा लावता येत नाही. इथे प्रश्न सुरकुत्यांइतकाच डागांचा आहे, आणि डाग दृश्य प्रकाशानेही वाढतात. म्हणून वांग असलेल्यांसाठी आयर्न ऑक्साइड असलेले, हलक्या मातकट रंगाचे सनस्क्रीन अधिक कामाचे. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतके क्रीम लागते, बहुतेक जण त्याच्या निम्म्यावर थांबतात. पुण्यात दुचाकीवर तोंडाला घट्ट बांधला जाणारा स्कार्फ हाही सूर्यसंरक्षणाचा चांगला उपाय आहे.

जोडीला ट्रेटिनॉइन हे त्वचेवर लावायचे औषध. फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ मध्ये उन्हाने झिजलेली त्वचा या औषधाने सुधारते असे दाखवले. रेणू ३०० डाल्टनचा, तो शृंगस्तराची भिंत ओलांडतो आणि नवे कॉलेजन बनवायला लावतो. सुरुवातीला त्वचा लाल होते, सोलते, आणि गरोदरपणात ते वापरत नाहीत, म्हणून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचे. ते चालू असताना स्पामध्ये पील किंवा चेहऱ्याचे वॅक्सिंग केल्यास साल निघू शकते, त्यामुळे काही दिवस आधी ते थांबवावे लागते.

लग्नाच्या पॅकेजमध्ये उपचारांचा क्रम बहुधा उलटा असतो. पील शेवटच्या आठवड्यात, दुसऱ्या दिवशी ब्लीच, मग हळद. नुकत्याच सोललेल्या चेहऱ्यावर हळदीचा लेप आणि वर मांडवातले ऊन ही आग आणि डागांची हमखास वाट आहे. पील लग्नाच्या किमान महिनाभर आधी आणि तोही आधी एकदा करून पाहिलेला असावा. रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा हायफू करायचाच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे, दोन-तीन महिने आधी, कारण फळ तेवढ्या काळानेच दिसते. शेवटच्या आठवड्यासाठी पूर्वी सोसलेले साधे क्लीनअप किंवा हायड्राफेशियल पुरे.