रेषा टिकली, फायली हरवल्या

मोटारीच्या पत्र्याला हवा तसा बाक द्यायचा कसा, हा प्रश्न १९५०च्या दशकाअखेर फ्रान्समधल्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांना छळत होता. कलाकार मातीचं मॉडेल घडवायचा, त्यावरून नकाशे निघायचे, नकाशांवरून साचे कोरले जायचे आणि दर टप्प्याला मूळ बाक थोडा थोडा बिघडायचा. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो या तरुण गणितज्ञानं १९५९मध्ये त्यावर तोड काढली. मोजके बिंदू ठरवा, त्यांच्यामधल्या अंतराचे एकाच प्रमाणात पुन्हा पुन्हा भाग पाडत जा, की वक्ररेषा हाती येते. कंपनीनं हे गुपित कपाटात कुलूपबंद केलं. तिकडे रेनोमध्ये पिएर बेझिए स्वतंत्रपणे त्याच रेषेपर्यंत पोचले आणि त्यांनी ती जगापुढे मांडली. त्यामुळे नाव झालं ते ‘बेझिए कर्व्ह’ असं. द कास्तेल्जो यांच्या पदरात श्रेय पडायला बरीच वर्षं जावी लागली. २०२२मध्ये ते गेले, तेव्हा त्यांची रेषा संगणकावरच्या अक्षरा-अक्षरात मुरलेली होती. डिझाइनच्या वर्गात बेझिए शिकवताना त्यांचंही नाव घेतलं जायला हवं.

व्हेक्टर चित्राचा सगळा डोलारा या रेषेवर उभा आहे. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. मोठा केला की ठिपके दिसू लागतात. व्हेक्टरमध्ये ठिपके साठवलेच जात नाहीत. रेषा कुठून निघते, कुठे संपते आणि वाटेत तिला कोणते दोन बिंदू आपल्याकडे ओढतात, एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून तेच बोधचिन्ह व्हिजिटिंग कार्डावरही बसतं आणि चाळीस फुटी फलकावरही, आणि कडा दोन्हीकडे तितकीच स्वच्छ राहते.

पडद्यावर चित्र काढून ते नंतर बदलता येतं, हे दाखवलं आयव्हन सदरलँड यांनी. १९६३मध्ये एमआयटीच्या प्रबंधासाठी लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-२ संगणकावर त्यांनी ‘स्केचपॅड’ उभा केला. प्रकाशाच्या पेनानं रेघ ओढायची, ‘या दोन रेघा समांतर ठेव’ असं बजावायचं आणि पुढचं यंत्रावर सोडायचं. एका मूळ आकृतीच्या कितीही प्रती मांडता येत, आणि मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलत. आजच्या डिझायनरला ज्याचं नावीन्य वाटत नाही, ते तेव्हा खोलीभर यंत्रावर चाललं होतं.

ते टेबलावर यायला आणखी दोन दशकं गेली. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्के यांनी झेरॉक्सची संशोधन संस्था सोडून १९८२मध्ये अडोबी काढली. छपाईयंत्राला पानाचं वर्णन सांगणारी ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही त्यांची भाषा १९८५मध्ये अॅपलच्या लेझररायटरमधून बाजारात पोचली. पण वक्ररेषा काढायची तर हातानं कोड कोण लिहिणार? वॉर्नॉक यांच्या पत्नी मार्वा स्वतः ग्राफिक डिझायनर होत्या. डिझायनरला काय लागतं हे ते घरातच पाहत होते. १९८७मध्ये मॅकिंटॉशसाठी ‘इलस्ट्रेटर’ आला आणि त्याच्या पेन टूलनं बेझिएचं गणित माऊसच्या टोकाशी आणून ठेवलं. पहिल्या आवृत्तीत काम करायचं ते नुसत्या बाह्यरेषांवर. रंग भरलेलं चित्र वेगळ्या खिडकीत बघायचं, परत यायचं, बिंदू हलवायचा, पुन्हा बघायचं.

पुढच्याच वर्षी ‘फ्रीहँड’ आला. त्याला इतके धनी लाभले की मोजताना दमछाक व्हावी. बनवला अल्टसिसनं, विकला अल्डसनं. १९९४मध्ये अल्डस अडोबीत विलीन होताना स्पर्धा टिकावी म्हणून तो अल्टसिसकडे परत गेला, तिथून मॅक्रोमीडियाकडे, आणि २००५मध्ये मॅक्रोमीडियाच अडोबीनं विकत घेतली. २००७मध्ये फ्रीहँडचं काम थांबलं. त्यावर हात बसलेल्या डिझायनरांनी २०११मध्ये अडोबीविरुद्ध कोर्टाची पायरी चढली. प्रकरण पुढच्या वर्षी तडजोडीनं मिटलं. सॉफ्टवेअर काही परत आलं नाही. आजच्या इलस्ट्रेटरमध्ये त्या फायली उघडत नाहीत.

महाराष्ट्रात मात्र व्हेक्टर म्हणजे ‘कोरल’. कॅनडातल्या ओटावाच्या कोरल कंपनीनं जानेवारी १९८९मध्ये विंडोजसाठी कोरलड्रॉ आणला, आणि मॅक न परवडणाऱ्या छोट्या डीटीपी सेंटरांना असेम्बल केलेल्या पीसीवर चालणारं साधन मिळालं. लग्नपत्रिका, बिलबुकं, दुकानाच्या पाट्या, निवडणुकीचे फलक, दुचाकीवरची रेडियमची अक्षरं, तालुक्याच्या गावातलं हे सगळं काम कोरलवर निघू लागलं. या ऑपरेटरांचा हात विलक्षण तयार असे. रेडियमच्या कटरला फक्त बाह्यरेषा कळते. शिरोरेषेवर दोन अक्षरं एकमेकांवर चढलेली राहिली, तर पातं नेमकं त्या सांध्यातून फिरतं आणि नावाचे तुकडे पडतात. म्हणून आधी अक्षरं ‘वेल्ड’ करायची, मग कटरला द्यायची. हे शिकवणारं कोणतंही पुस्तक त्यांच्या हाती नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर बसून बघत बघत ते शिकले.

दुखणं होतं फाँटचं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, सीडॅकची ‘आयएसएम’, यांनी मराठी छपाई संगणकावर आणली, हे उपकार मोठेच. पण त्या काळच्या फाँटमध्ये देवनागरीचे काने, मात्रा, अर्धी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मजकुराच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरं. त्यामुळे प्रेसवाल्याचा एकच निरोप ठरलेला: “कर्व्ह करून पाठवा.” कंट्रोल-क्यू दाबलं की मजकुराचं चित्र होतं. फाँटची गरज संपते आणि मजकूरही संपतो.

मग छापायच्या आदल्या रात्री वधूपित्याला ‘कुलकर्णी’तली वेलांटी ऱ्हस्व दिसते. आता टाइप करून दुरुस्ती नाही. कंट्रोल-के दाबून ओळ फोडायची. फोडताच ‘क’ची पोटं भरून अक्षरं काळी ठिक्कर होतात. ऱ्हस्व वेलांटी डावीकडची, दीर्घ उजवीकडची, तेव्हा नुसती उलटवून भागत नाही. ती काढायची, दुसऱ्या शब्दातली दीर्घ वेलांटी उचलून आणायची, अक्षरं सरकवायची, शिरोरेषा जुळवायची आणि कंट्रोल-एलनं पोटं पुन्हा मोकळी करायची. एका वेलांटीपायी इतकं.

यावर खरा उतारा होता युनिकोडचा: फाँट कोणताही असो, प्रत्येक अक्षराचा क्रमांक सगळीकडे एकच. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा फाँट विंडोज २०००बरोबर आला. कोरलड्रॉमध्ये ओपनटाइपची प्रगत सोय आली ती २०१२च्या एक्स-६ आवृत्तीत. मुंबईच्या ‘एक टाइप’नं ‘मुक्त’सारखे देखणे फाँट खुल्या परवान्यानं दिले. दरम्यान जुनी चूक एकदा नव्यानं घडून गेली. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत पीएचडी करणाऱ्या उदय कुमार यांचं रुपयाचं चिन्ह १५ जुलै २०१० रोजी सरकारनं स्वीकारलं. युनिकोडमध्ये ते ऑक्टोबरमध्ये आलं, पण तोवर मंगळुरूच्या फोराडियन कंपनीचा फाँट पसरला होता. त्यात हे चिन्ह कीबोर्डावरच्या ` या तिरक्या खुणेच्या जागी बसवलेलं. तो फाँट नसला की त्या कागदपत्रांत रुपयाच्या जागी आजही ती खूणच उमटते.

कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली व्हेक्टर फाइल हवी, हे वेबला आधी उमगलं. १९९८मध्ये अडोबी आणि मायक्रोसॉफ्ट आपापले वेगळे प्रस्ताव घेऊन आल्या. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनं स्वतःचं ‘एसव्हीजी’ २००१मध्ये जाहीर केलं. इंटरनेट एक्सप्लोररला ते समजायला २०११ उजाडलं. पण एसव्हीजी म्हणजे साधा मजकूर. नोटपॅडमध्ये उघडा, बिंदूंचे आकडे वाचा, रंग बदला. २००३पासून स्वयंसेवकांनी वाढवलेला ‘इंकस्केप’ याच फाइलवर चालतो आणि फुकट मिळतो. कोरलच्या बंद फाइलचं कोडंही अशाच स्वयंसेवकांनी उलगडलं, म्हणून २०१२पासून लिबरऑफिसमध्ये सीडीआर फाइल उघडते. प्रत्येक जुनी फाइल जशीच्या तशी उघडेलच असं नाही, पण दार तरी उघडलं. कंपन्यांनी जे स्वतःहून करायला हवं होतं, ते या स्वयंसेवकांनी केलं, याची जाहीर दखल घ्यायला हवी.

डीटीपी सेंटरांच्या कपाटांत आजही सीडींचे गठ्ठे पडून आहेत. त्यांत मंडळांची बोधचिन्हं आहेत, बंद पडलेल्या नियतकालिकांची शीर्षकं आहेत, स्थानिक चित्रकारांनी काढलेले गणपती आहेत. ज्यांच्याकडे हे गठ्ठे आहेत त्यांनी जुना कोरल चालतोय तोवर फायली उघडून एसव्हीजी आणि पीडीएफ अशा दोन प्रती काढाव्यात. आणि यापुढे प्रेसला फाइल कर्व्ह करून पाठवण्याआधी मजकूर शाबूत असलेली, युनिकोडमधली एक प्रत फाँटच्या नावासकट वेगळी जपून ठेवावी.